चरबी कढवण्यासाठी बिडाची कढई: वापरानंतरचे मत

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून घेतलेली बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कढई आमच्या घरी मुख्यतः बोकडाची चरबी कढवण्यासाठी वापरली जाते आणि हे परीक्षण त्या कामापुरतेच आहे. कढई ओतीव, जाड बुडाची आणि दोन कानांची असून तिला आतून कोणताही लेप नाही. घेताना टिचकी मारून पाहावी. आवाज खणखणीत न येता बद्द आला, तर कुठेतरी चीर असण्याची शक्यता असते.

चरबी कढवणे हे सर्वस्वी मंद आचेचे काम आहे. त्यासाठी गुर्द्याभोवतीची चरबी सर्वांत चांगली, कारण ती घट्ट असते आणि तिच्यात मांसाचा अंश फार कमी असतो. मटणवाल्या भाऊंना आदल्या दिवशी सांगून ठेवले, तर ते ती वेगळी काढून ठेवतात. फ्रिजमध्ये गार केल्यावर ती सुरीला चिकटत नाही. तिचे हरभऱ्याएवढे तुकडे करावेत आणि वाटीभर पाण्यासह कढईत घालावेत. पाणी असेपर्यंत उष्णता 100 अंश सेल्सिअसच्या फारशी पुढे जात नाही, त्यामुळे चरबी सुटण्याआधी तुकडे करपत नाहीत. पाणी आटू लागल्यावर मात्र भांड्याची परीक्षा होते. पातळ स्टीलच्या पातेल्यात नेमके ज्योतीवरचे तुकडे काळे पडतात आणि कडेचे कच्चे राहतात. या कढईचे जाड बूड एकदा सावकाश तापले की आच थोडी कमीजास्त झाली तरी तुकड्यांना ते जाणवत नाही. सुरुवातीचा खळखळाट हळूहळू थांबतो, पांढुरका गढूळपणा जाऊन चरबी सोनेरी व नितळ होते, तुकडे आक्रसून बदामी होतात आणि तुपाच्या बेरीसारखा खमंग वास सुटतो.

नेमक्या याच क्षणी कढईचा मोठा दोष समोर येतो. बीड उष्णता धरून ठेवत असल्यामुळे गॅस बंद केल्यावरही तुकडे गडद होत राहतात आणि थोडा उशीर झाला तरी चरबीला कडवट चव येते. म्हणून रंग फिकट बदामी असतानाच आच बंद करावी. भरलेली कढई जड असते, तिच्या काठाला चोच नाही आणि कानही चटके देण्याइतके तापतात, त्यामुळे ती उचलून ओतण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. पळीने चरबी काढून सुती कापडातून कोरड्या स्टीलच्या डब्यात गाळावी. विक्रेत्यांनी काठाला लहानशी चोच काढून घेतली, तर ही कढई या कामासाठी निर्दोष ठरेल, असे मला मनापासून वाटते.

कढवलेली चरबी रात्रभर कढईतच राहू देऊ नये, कारण लोखंडाच्या संपर्काने ती लवकर खवट होते. डब्यात गाळलेल्या चरबीच्या साठवणीला मात्र काचेची कोरडी बरणीच हवी. बोकडाची चरबी साधारण 45 ते 50 अंशांच्या दरम्यान वितळते, आणि भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. तेव्हा उन्हाळ्यात बरणी फ्रिजमध्येच ठेवावी. काळ्या मसाल्याच्या रश्शाच्या फोडणीत ही चमचाभर चरबी घातली, तर तर्रीला जी चव येते ती नुसत्या तेलाने येत नाही. उरलेले कुरकुरीत तुकडे मीठ लावून गरम असतानाच कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीबरोबर आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर खावेत.

देखभाल सोपी आहे. चरबी काढून घेतल्यावर कढई कोमट असतानाच कापडाने पुसावी, पाण्यात भिजत ठेवू नये आणि चिंच किंवा टोमॅटो तिच्यात शिजवू नये; कढवण वारंवार होत गेल्याने आमच्या कढईचा करडा, खरबरीत पृष्ठभाग आता काळा आणि गुळगुळीत झाला आहे. नियमित चरबी कढवणाऱ्यांनी ही कढई अवश्य घ्यावी. वर्षातून एखाद्या वेळी हे काम करणाऱ्यांना जाड बुडाचे स्टीलचे पातेलेही पुरेल, आणि ज्यांना मनगटाचा त्रास आहे त्यांनी लहान आकाराचीच कढई निवडावी.