दगड ओला असताना पैसे देऊ नका

घर बाहेरून धुऊन देणाऱ्या एका टोळीनं आमच्याकडून १,०३,८०० रुपये नेले आणि शहाबादी फरशी, संगमरवरी वृंदावन, जोत्याचे दर्जे (दगडांमधल्या सिमेंटच्या सांधी), रेलिंग आणि रंग या सगळ्याची वाट लावली. पावसाळ्याआधीच्या सफाईची ऑफर सगळ्यांच्याच व्हॉट्सॲपवर फिरतेय, म्हणून हे लिहितोय. धंद्याचं नाव देऊन उपयोग नाही. दर सीझनला ते बदलतं, माणसं आणि पद्धत तीच राहते.

"कुठलाही सरफेस असू द्या साहेब, एकच रेट. १८ रुपये फूट," टोळीचा म्होरक्या म्हणाला. ३,२०० चौरस फुटांचे ५७,६०० सांगितले, २८,८०० ॲडव्हान्स यूपीआयवर घेतला. पैसे जमा झाले ते धंद्याच्या नावावर नव्हे, भलत्याच माणसाच्या नावावर. 'पार्टनर आहे' म्हणाला. हे वाक्य ऐकलंत की तिथल्या तिथं व्यवहार मोडा.

आणि एकच रेट म्हणजे एकच पद्धत, हेही ध्यानात घ्या. डेमो दिला पार्किंगमधल्या सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकवर. अर्थात चकाचक निघाला! पेव्हर २,००० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप) मारा निमूट सोसतो. डेमो मागायचा तो घरातल्या सगळ्यात नाजूक पृष्ठभागावर, कोपऱ्यात, वीतभर जागेत, आणि ती जागा दुसऱ्या दिवशी सुकल्यावर बघायची.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. निळा कॅन, लेबल नाही. 'इम्पोर्टेड स्टोन क्लीनर.' शहाबादीवर ओतल्याबरोबर फस्स करून पांढरा फेस आला, नाकात झिणझिण्या आल्या. "बघा काका, वर्षांचा मळ कसा उकळून वर येतोय!" तो मळ नव्हता, फरशी विरघळत होती. शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच जातकुळीचा. हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. जितका फेस जास्त, तितका दगड खलास. ओळखायला हवं होतं? हो, हवं होतं. पण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या संडासात ॲसिड ओतून फेस आला की स्वच्छ झालं असंच समजतात. त्यात त्याच्या पायात गमबूट, तोंडावर मास्क, हातात यंत्र. कुणीही विश्वास ठेवला असता.

घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. फरशीच्या कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा. बुडबुडे आले किंवा चमक गेली, तर त्या दगडाच्या जवळपासही ॲसिड फिरकू द्यायचं नाही. साधा न्यूट्रल साबण, नायलॉनचा ब्रश, भरपूर पाणी, बस. ग्रॅनाइटला लिंबानं काही होत नाही, पण त्यातल्या लोहामुळे ॲसिडनंतर पिवळे डाग उठू शकतात. काळ्या दगडाचं जोतं तसं दणकट, म्हणून लोक निर्धास्त असतात. मात्र दगडांमधले सिमेंटचे दर्जे ॲसिड खातं. आमच्या जोत्याच्या दर्ज्यांतून आता नखानं वाळू निघते. पाऊस लागला की पाणी तिथूनच आत जाणार. स्टीलच्या रेलिंगवर तर ॲसिड पडलंही नव्हतं. नुसत्या वाफेनं सकाळपर्यंत तांबूस ठिपके उठले.

भिंतीची कथा वेगळी. शेवाळ आणि काळे ओघळ जोरानं जात नाहीत, ते मारावे लागतात. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी चार भाग, खालून वर लावायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं, सुकू द्यायचं नाही, मग वरून खाली हलक्या पाण्यानं धुवायचं. झाडं आधीच ओली करून ठेवायची. ब्लीच आणि ॲसिड एका दिवशी एका जागी अजिबात नको, क्लोरिन वायू होतो. आमच्याकडे ब्लीच नव्हतंच, होता नुसता पाण्याचा जेट. नोझलचे रंग पाठ करून ठेवा (अंश म्हणजे फवाऱ्याचा कोन, जितका कमी तितका मारा तीव्र): लाल शून्य अंशांचा, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४०. रंगवलेल्या भिंतीला पांढरा, तोही दोन फुटांवरून. या महाशयांनी पिवळा लावून वीतभर अंतरावरून भिंत झोडपली. जिथे बारीक तडे होते तिथला रंग पापुद्र्यासारखा उडाला आणि पाणी आतल्या खोलीत उतरलं.

कोकणातल्या मंडळींनी जास्त सावध राहावं. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो, जेटनं तो झरतो. मंगलोरी कौलांवर खालून वर मारलेलं पाणी थेट कौलाखाली शिरतं. आणि भिंतीला लोणा आला असेल तर आधी कोरड्या ब्रशनं झाडून काढा. थेट पाणी मारलंत तर तो खार परत आत मुरतो.

मग कोटिंग. 'नॅनो', पाच वर्षांची गॅरंटी, २२ रुपये फूट, १,९०० फुटांचे ४१,८००. त्यातले २०,००० 'मटेरियलसाठी' रोख. सकाळी धुतलेल्या ओल्याच भिंतीवर दुपारी फवारा. खरं वॉटर-रिपेलंट (पाणी झटकणारं कोटिंग) भिंतीच्या छिद्रांत मुरावं लागतं. भिंत ओली असेल तर छिद्रं पाण्यानंच भरलेली, मुरणार कुठे? धुतल्यावर निदान २४ तास कडक ऊन हवं, जाड भिंतीला त्याहून जास्त. पेलाभर पाणी मारून थेंब कसे ओघळतात ते दाखवलं त्यानं. गाडीच्या पॉलिशनंही थेंब ओघळतात. वळवाच्या पहिल्या सरीत भिंत पुन्हा काळी ओली.

शेवटी मोजणी. ३,२०० चे ३,८६० फूट झाले, कारण खिडक्या-दारं वजाच केली नाहीत. सफाईचे ६९,४८० आणि कोटिंगचे ४१,८००, एकूण १,११,२८०. घासाघीस करून उरलेले ५५,००० दिले, संध्याकाळी, फरशी ओली असताना. सगळी मेख इथे आहे. ओला दगड गडद आणि पॉलिश केल्यासारखाच दिसतो. दुसऱ्या दिवशी उन्हात सुकला तेव्हा खडूसारखा पांढरट, खरखरीत, आणि जिथे कॅन ओतला तिथून पसरलेले ओघळ नकाशासारखे उमटलेले. फोन तेव्हापासून बंद.

चौकीत पहिला प्रश्न: "काम केलं ना त्यांनी?" केलं. "मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे." खोट्या मोजणीचं आणि बनावट कोटिंगचं सांगितलं, तर बिल मागितलं. बिलावर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता अर्धवट; तर म्हणे असं बिल तुम्ही घेतलंतच कसं! अर्ज लिहून घेतला, पोच द्यायला साहेब जागेवर नाहीत. साहेब आले तर शिक्का कपाटात. बँकेनं सांगितलं, पिन तुम्हीच टाकला, आता आमचा संबंध नाही. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचा पत्ता? गोपनीय. म्हणजे चोराची गोपनीयता जपायची आणि आम्ही हेलपाटे घालायचे. हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला आणि काही दिवसांनी 'समोरच्याकडून प्रतिसाद नाही' म्हणून तक्रार बंद! प्रतिसाद देणारा असता तर तुम्हाला फोन कशाला केला असता? उघड्या गटारात ॲसिड सोडलं, शेजारची जास्वंद जळाली, त्याबद्दल विचारलं तर या टेबलावरून त्या टेबलावर.

६२० फूट शहाबादी पुन्हा घासून पॉलिश करायला ४५ रुपयांनी २७,९०० लागले. वृंदावनाची नक्षी बोथट झाली ती झालीच, तिच्यावर मशीन चालत नाही.

ज्यांच्याकडे हे घडून गेलंय त्यांनी फरशी लगेच भरपूर पाण्यानं धुवा, मग बादलीत मूठभर खाण्याचा सोडा घालून पुन्हा धुवा. कॅन, त्यातला उरलेला द्रव, यूपीआयची पावती, व्हॉट्सॲपवरची बोलणी, ओल्या आणि सुकलेल्या फरशीचे फोटो, काही फेकू नका. आणि जिल्हा ग्राहक आयोगात जा: कामासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षं. फक्त समोरच्याचा पत्ता लागतो, म्हणून ॲडव्हान्स देण्याआधीच त्याच्या आधार कार्डाचा आणि गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा. कुरकुर करेल. करू द्या.