नागदेवी स्ट्रीटवरचे एक दुकान आणि तिथली बुलडॉग क्लिप

गच्चीवरचे मास्ट, उंच चिमण्या आणि उघड्या जागेतल्या पत्र्याच्या शेड यांचे तारेच्या दोराचे ताण, म्हणजे त्यांना जखडून धरणारे दोर, पावसाळ्यापूर्वी तपासणे आणि लागतील तिथे बदलणे हे माझ्या नोकरीतले नेहमीचे काम आहे. त्यामुळे वायर रोप (तारेचा दोर), थिंबल (दोराच्या फासाला आतून आधार देणारी खोबणीची धातूची कडी), टर्नबकल (फिरवून दोर ताणण्याचे साधन) आणि बुलडॉग क्लिप यांची खरेदी मुंबईत मशीद बंदर स्थानकाच्या पश्चिमेला नागदेवी स्ट्रीटवर होते. बुलडॉग क्लिप म्हणजे वळवलेल्या दोराच्या दोन बाजू एकत्र आवळून धरणारी पकड. तिच्यात एक बैठक, एक यू आकाराचा बोल्ट आणि दोन नट असतात. त्या परिसरात हा माल विकणारी दुकाने पुष्कळ आहेत. त्यांपैकी ज्या दुकानात मी सध्या जातो, त्याबद्दल आणि मुख्यतः तिथे मिळणाऱ्या क्लिपांबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले. दोराची किंमत आणि ग्रेड यांवर घासाघीस करणारी माणसेही क्लिपा मात्र ‘बारा एमएमच्या द्या डझनभर’ एवढे सांगून उचलतात, आणि सगळा भार शेवटी त्या क्लिपांच्या नटांवर येऊन थांबतो.

दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे गल्ल्यावरचे गृहस्थ माप विचारण्याआधी काम विचारतात. ‘साहेब, ताणाला हवी की उचलायला?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. उचलायला म्हटले की ते क्लिपांचा डबा उघडतच नाहीत, तर प्रेस केलेल्या फेरूलची (दाबून बसवलेल्या धातूच्या नळीने जोडलेली), टेस्ट सर्टिफिकेट असलेली तयार स्लिंग, म्हणजे ओझे उचलण्याचा दोर, दाखवतात. विक्री सोडून दिलेला हा सल्ला पूर्णपणे बरोबर आहे. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या बांधकामविषयक नियमांतही स्लिंगचा डोळा, म्हणजे टोकाचा फास, क्लिपांनी किंवा गाठ मारून बनवू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्याकडे मशिनरी हलवणाऱ्या खलाशांच्या टोळ्या साइटवरच तीन क्लिपा मारून स्लिंग तयार करतात आणि तीच स्लिंग रोज वेगवेगळ्या कोनांत, झटके देत वापरतात. प्रत्येक वेळी भार चढतो आणि उतरतो, दोर पातळ होतो आणि पुन्हा फुगतो, आणि नट कोणाच्याही नकळत सैल पडत जातात. क्लिप शोभते ती एकदा ताणून जागच्या जागी ठेवलेल्या दोराला, आणि तिथेही तिच्याकडे अधूनमधून पाहावे लागते.

आता मालाविषयी. एकाच मापाच्या दोन क्लिपा या दुकानात शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. स्वस्त क्लिप मॅलिएबल कास्टिंगची, म्हणजे ओतीव लोखंडाची, असते. तिची बैठक, म्हणजे ज्या भागाला बाजारात सॅडल म्हणतात तो, अंगाने खरखरीत असतो, कडा गोल आणि बोथट असतात, आणि दोराचे पेड, म्हणजे तारांचे पिळलेले पदर, बसावेत म्हणून ज्या तिरक्या खाचा हव्यात त्या उथळ, कधी कधी नुसत्या नावापुरत्या असतात. महाग क्लिप ड्रॉप फोर्ज, म्हणजे तापलेले पोलाद साच्यात ठोकून घडवलेली, असते. तिच्या बैठकीवर खाचा खोल आणि स्वच्छ उमटलेल्या असतात, साच्याच्या जोडाची कडा घासून काढलेली दिसते, आणि माप व बनवणाऱ्याची खूण धातूतच उठून आलेली असते. यू-बोल्टचे आटे बोटाने चाचपले तर पहिल्या प्रकारात झिंकचे थेंब लागतात, नट मध्येच अडखळतो, तर दुसऱ्या प्रकारात तो हाताने शेवटपर्यंत फिरतो. कास्टिंगची क्लिप कुंपणाच्या तारेला किंवा वेल चढवण्याच्या दोराला चालेल, पण जिथे तुटल्यावर काही खाली पडणार आहे तिथे ती नको, असे माझे ठाम मत आहे. पुरेसे आवळल्यावर ती वाकत नाही, एकदम तडकते, आणि म्हणून नट आवळणारा हात आपोआप आखडता राहतो. दोन प्रकारांच्या किमतीत फरक आहे, पण तीस मीटर चांगल्या दोराच्या बिलात तो शोधावा लागतो. भारतीय मानकांत बुलडॉग ग्रिपसाठी (म्हणजे याच क्लिपेसाठी) आयएस २३६१, थिंबलसाठी आयएस २३१५ आणि सर्वसाधारण अभियांत्रिकी कामाच्या दोरासाठी आयएस २२६६ आहे. मागणी नोंदवताना हे क्रमांक लिहिले की दुकानदारालाही आपण काय मागतो आहोत ते कळते.

माप घेताना दोर नेहमी व्हर्नियरने, समोरासमोरच्या दोन पेडांच्या माथ्यावर मोजावा. दोन पेडांच्या सपाटीवर मोजला तर आकडा कमी येतो आणि लहान क्लिप घेतली जाते. मोठी क्लिप घेणे तर त्याहून वाईट, कारण नट आट्यांच्या शेवटाला पोचतात आणि दोर मात्र पकडीत आलेलाच नसतो. प्लास्टिकचे वेष्टण असलेला दोर असेल तर क्लिपेखालचे वेष्टण सोलून काढावे आणि नागड्या दोराच्या मापाची क्लिप घ्यावी.

माल चांगला घेतला तरी अर्धे काम उरतेच, आणि मुंबईत मला सर्वांत जास्त बिघाड दिसतो तो लावण्यात. दोर थिंबलवरून वळवल्यावर दोन बाजू शेजारी येतात. एक भाराची लांब बाजू आणि दुसरी मोकळ्या टोकाची, जिला आमची माणसे शेपूट म्हणतात. क्लिपेची बैठक भाराच्या बाजूवर आणि यू-बोल्टचा वाक शेपटीवर, हा नियम प्रत्येक क्लिपेला लागू आहे आणि त्याला अपवाद नाही. याचे कारण एखादी जुनी क्लिप सोडवली की डोळ्यांनीच दिसते. बैठक रुंद असते, तिच्या खाचांत पेड नीट बसतात आणि तिच्याखालचा दोर गोल राहतो, तर यू-बोल्टखाली दोर चपटा होतो, त्यावर अर्धचंद्राकृती खड्डा पडतो आणि बाहेरच्या तारा दबून चकाकतात. शेपटीवर भार कमी असल्यामुळे हे दबणे तिला परवडते. भाराच्या बाजूवर तोच खड्डा पडला तर दोर नेमका तिथे कमकुवत होतो आणि वरची सगळी मजबुती वाया जाते. तरीही गच्च्यांवर, होर्डिंगच्या सांगाड्यांवर आणि मंडपांच्या ताणांवर एक क्लिप सुलटी, एक उलटी अशी रचना सर्रास दिसते, कारण तसे केल्याने पकड दोन्ही बाजूंनी सारखी होते अशी समजूत आहे. ती चुकीची आहे, आणि ती कामगाराला एकदा समजावून सांगितली की पुन्हा सांगावी लागत नाही. जिथे माणसे सतत बदलतात तिथे दोन्ही बाजूंना बैठक असलेली क्लिप घ्यावी, ती उलटी लागूच शकत नाही. या दुकानात ती सांगून मागवावी लागते.

क्लिपा किती लावायच्या आणि शेपूट किती लांब ठेवायची, हे अंदाजाने ठरवायचे नसते. क्रॉसबी कंपनीच्या फोर्ज केलेल्या यू-बोल्ट क्लिपेच्या तक्त्यात अर्धा इंच, म्हणजे आपल्या १२ ते १३ मिमी दोराला किमान ३ क्लिपा, सुमारे २९२ मिमी शेपूट आणि प्रत्येक नटाला ६५ फूट-पौंड, म्हणजे जवळजवळ ८८ न्यूटन-मीटर टॉर्क (नट फिरवून आवळण्याचा जोर) सांगितला आहे. पाऊण इंची दोराला क्लिपा ४, शेपूट सुमारे ४५७ मिमी आणि टॉर्क १३० फूट-पौंड होतो. ओशाच्या तक्त्यात दोन क्लिपांमधले अंतर दोराच्या व्यासाच्या सहापट धरले आहे, आणि क्लिप ड्रॉप फोर्ज नसेल तर अर्ध्या इंची दोराला तीनऐवजी चार क्लिपा मागितल्या आहेत. म्हणजे स्वस्त मालात एक क्लिप जास्त लागतेच आणि वाचवलेले पैसे तिथेच खर्च होतात. हे आकडे त्या त्या क्लिपेचे असतात. दुसऱ्या बनावटीच्या क्लिपेला दुसऱ्याचा टॉर्क लावू नये, तिच्या उत्पादकाचाच तक्ता मागावा.

सगळे नियमानुसार केले तरी जोड दोराइतका मजबूत होत नाही. लहान आणि मध्यम मापांत, सात-अष्टमांश इंचापर्यंत, तो दोराच्या तुटण्याच्या ताकदीच्या सुमारे ८० टक्के धरतात. १२ मिमीचा, ६×३६ रचनेचा (सहा पेड, प्रत्येकात ३६ तारा), फायबर कोरचा (तंतूंचा गाभा असलेला) आणि १७७० ग्रेडचा (तारेच्या ताकदीचा दर्जा) दोर साधारण ८४ किलोन्यूटनला तुटतो, म्हणजे साडेआठ टनांच्या आसपास. क्लिपांचा जोड आला की हिशेब ६७ किलोन्यूटनवर येतो, आणि पाचपट सुरक्षा ठेवली तर वापरण्याजोगा भार जेमतेम १३ किलोन्यूटन उरतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला होता. समुद्रकिनारी गच्चीवर मास्ट उभा करताना ताणाची मोजणी वाऱ्याच्या अशा झोतांसाठी करायची असते, आणि ती करताना हे वीस टक्के वजा करायला बरेच ठेकेदार विसरतात.

आवळण्याचा क्रमही ठरलेला आहे. पहिली क्लिप शेपटीच्या टोकापासून एका बैठकीच्या रुंदीइतके अंतर सोडून लावावी आणि तिचे नट पूर्ण आवळावेत. दुसरी थिंबलला शक्य तितकी चिकटवून लावावी, पण ती आधी घट्ट करू नये, नाहीतर थिंबलजवळ दोर दुखावतो. उरलेल्या क्लिपा मधल्या जागेत समान अंतरावर बसवून, दोरातला ढिलेपणा हलका ताण देऊन काढून मग सगळे नट आवळावेत. एका क्लिपेचे दोन नट आलटून पालटून, थोडे थोडे फिरवावेत. एकच नट आधी दाबला तर बैठक तिरकी होते आणि एका बाजूने दोर सुटा राहतो. हे काम टॉर्क पान्यानेच करावे. साध्या पान्याला पाइप घालून जोर लावणारे आणि नुसत्या मनगटाने फिरवणारे असे दोन्ही प्रकारचे कामगार मी रोज पाहतो, आणि त्यांच्या दोघांच्या ‘घट्ट’मध्ये फार मोठे अंतर असते. आणखी एक गोष्ट म्हणजे क्रॉसबीचे टॉर्कचे आकडे कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी आहेत. आटे आधीच ग्रीसमध्ये बुडवले तर तेवढ्याच टॉर्कला दोर कितीतरी जास्त दाबला जातो, म्हणून गंजरोधक लावायचे ते शेवटच्या आवळणीनंतर वरून लावावे.

शेवटची आवळणी म्हणजे पहिली नव्हे. जोडावर पहिल्यांदा पूर्ण भार आला की दोर लांबतो, त्याचा व्यास किंचित कमी होतो, नटाजवळ आतले ग्रीस बाहेर येते आणि तोच नट पुन्हा टॉर्क पाना लावला की पाव-अर्धा आटा सहज फिरतो. हे मी प्रत्येक नव्या ताणावर करून घेतो आणि बघणाऱ्या नव्या मुलांना मुद्दाम फिरवून दाखवतो. त्यानंतर ठरावीक काळाने, आणि मोठ्या वादळानंतर तर लगेच, पुन्हा तपासावे. शेपटीच्या टोकाला क्लिपेलगत रंगाचा एक पट्टा मारून ठेवला तर दोर सरकला का हे शिडी लावल्यावर एका नजरेत कळते.

मुंबईच्या खाऱ्या हवेचा वेगळा विचार करावा लागतो. इलेक्ट्रोप्लेटिंगचा पातळ, चकचकीत झिंक वरळी किंवा कुलाब्याच्या गच्चीवर लवकर उतरतो आणि तांबेरा आधी नटाच्या मुळाशी येतो. उघड्यावर हॉट डिप गॅल्व्हनाइझ्ड, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये बुडवलेली, क्लिपच घ्यावी. स्टेनलेसच्या क्लिपा देखण्या आहेत आणि समुद्राजवळ ३०४ पेक्षा ३१६ ग्रेड चांगला टिकतो, पण बाजारातल्या अनेक स्टेनलेस क्लिपा ओतीव असतात, त्यामुळे गंजत नाही म्हणून ताकदही जास्त आहे असे धरू नये. बाल्कनीच्या रेलिंगला त्या योग्य आहेत.

रे रोडला दारूखान्यात जुना दोर आणि जुन्या क्लिपा वजनावर मिळतात. यू-बोल्ट एकदा ताणला गेला की त्याचे आटे वरून साबूत दिसतात आणि टॉर्क धरत नाहीत. भाराच्या कामासाठी तो माल मी घेत नाही.

दुकानाविषयी तक्रारी दोन आहेत. सुट्या क्लिपांच्या डब्यात वेगवेगळ्या बनावटींचा माल एकत्र असतो, त्यामुळे एका जोडाला लागणाऱ्या क्लिपा एकाच खुणेच्या आहेत का हे स्वतः निवडून पाहावे लागते. दुसरे म्हणजे बिलावर नुसते ‘क्लॅम्प १२ मिमी’ लिहितात. आग्रह धरला तर उत्पादकाचे नाव आणि ड्रॉप फोर्ज हा शब्द लिहून देतात, तक्त्याची झेरॉक्सही देतात, पण या दोन्ही गोष्टी न मागता मिळायला हव्यात. भाव वाजवी आहे, मोजणीत खोट नाही, आणि न वापरलेला माल बिल दाखवल्यावर परत घेतात. बाराच्या फोर्ज क्लिपा, हॉट डिप केलेल्या, मी इथूनच घेत राहीन. कास्टिंगचा डबा मात्र त्यांनी गल्ल्यावरून उचलून आत ठेवावा, अशी माझी त्यांना मागणी आहे.