पोहण्याच्या सरावासाठी घरचा स्विमिंग पूल: मराठवाड्यात कुठला नमुना टिकतो

पूल ठेकेदाराकडे गेलात की पहिला नमुना हमखास समोर येतो तो १० बाय ५ मीटरचा, एका टोकाला १.२ आणि दुसऱ्या टोकाला १.८ मीटर खोल असा ‘फॅमिली पूल’. त्यात ७५ हजार लिटर पाणी मावतं. २५ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि सगळीकडे १.४ मीटर खोल अशी एकच लेन बांधली तर तिच्यात ८७,५०० लिटर. पाण्यातला फरक जेमतेम दहा हजारी सव्वा टँकरचा, सरावातला मात्र जमीन-अस्मानाचा.

१० मीटरच्या पूलमध्ये भिंतीला पाय रेटून निघालेला पोहणारा पाच मीटरवर पाण्याबाहेर येतो आणि पुढच्या भिंतीच्या दीड मीटर आधी फ्लिप टर्नच्या, म्हणजे कोलांटी घेऊन वळण्याच्या, तयारीला लागतो. मध्ये उरतात साडेतीन मीटर. दोन स्ट्रोक सायकलही (सायकल म्हणजे दोन्ही हातांचा एकेक फेरा) नीट पुऱ्या होत नाहीत. १५०० मीटर पोहायचे तर तिथे १४९ वेळा वळावं लागतं, २५ मीटरच्या लेनमध्ये ५९ वेळा. अशा पूलमध्ये वर्षभर घाम गाळलेल्या मुलाची ढकल जोरदार होते, पण स्पर्धेत भिंत संपली की हात बोलत नाहीत. म्हणून जिल्हा-विभाग पातळीवर उतरणाऱ्या मुलामुलींसाठी हा नमुना आम्ही यादीतूनच काढतो. १२ मीटरचा, मूत्रपिंडाच्या आकाराचा, कोपऱ्यात बसायची पायरी असलेला, हे सगळे त्याचेच भाऊबंद.

उरतात तीन नमुने: २५ मीटरची एक लेन, १५ मीटरची एक लेन, आणि पाच-साडेपाच मीटरची टाकी ज्यात पाणी वाहतं आणि माणूस जागेवर पोहतो. मराठवाड्यात यातली निवड पैशाआधी पाणी करतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या गाडीची एक वाघीण साधारण ५० हजार लिटरची. २५ मीटरची एक लेन भरायला तशा पावणेदोन वाघिणी लागतात. हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवूनच नकाशा काढायला बसावं.

भरण्याइतकंच उडून जाणारं पाणीही मोजायला हवं. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी उडालं की एक लिटर गेलं. उन्हाळ्यात कोरड्या वाऱ्याला दिवसाला ८ मिमी धरा. २५ मीटरच्या लेनचा पृष्ठभाग ६२.५ चौरस मीटर, म्हणजे रोज ५०० लिटर. एप्रिल-मे मिळून ३० हजार लिटर, दहा हजारी तीन टँकर, नुसते हवेत. १५ मीटरच्या लेनला रोज ३०० लिटर, पाच मीटरच्या टाकीला १००. रात्री कव्हर अंथरलं तर यातलं बरंचसं वाचतं. मे महिन्यात दिवसा मात्र पारदर्शक बबल कव्हर नको, पाणी तापतं. त्यापेक्षा वर ७५ टक्के सावलीचं शेडनेट ताणावं; भाजीपाल्याच्या शेडनेट हाऊसला वापरतात तेच चालतं. स्पर्धेसाठी पाणी २५ ते २८ अंशांचं असावं असा नियम आहे. उघड्या, उथळ पूलचं पाणी मेमध्ये तिशी सहज ओलांडतं, आणि त्यात दमाचे सेट लावले की मुलं लवकर गळतात.

आता वाहत्या पाण्याची टाकी, कारण फसगत सर्वांत जास्त तिथेच होते. ५ बाय २.५ मीटर, १.३५ मीटर खोल, पाणी १७ हजार लिटर. दोन टँकरांत काम भागतं. पण यंत्रं दोन जातींची असतात. पंप-जेटमध्ये पंप पाणी ओढतो आणि चार-पाच सेंटिमीटरच्या नोझलमधून जोरात फेकतो. दुसऱ्या जातीत मोठा प्रोपेलर किंवा टर्बाइन जाळीमागून रुंद प्रवाह ढकलतो. अमेरिकेच्या एंडलेस पूल्सची यंत्रं आणि जर्मनीच्या बाइंडरचं हायड्रोस्टार ही या दुसऱ्या जातीची. विक्रेता हॉर्सपॉवर सांगेल. तुम्ही विचारा: तासाला किती घनमीटर? हिशेब सोपा आहे. १०० मीटर १ मिनिट ४० सेकंदांत पोहणाऱ्याला सेकंदाला १ मीटर वेगाचा प्रवाह लागतो. खांदे आणि हात मावतील असा ९० सेंटिमीटर रुंद, ५० सेंटिमीटर खोल प्रवाह धरला तर तासाला १,६२० घनमीटर पाणी हलायला हवं. साधा पंप-जेट पन्नास-साठ घनमीटर फेकतो. बाकीचं आजूबाजूचं पाणी ओढून घेऊन त्याची धार बनते, आणि ती छातीवर आपटते, हातांना मिळत नाही. पोहणारा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घसरतो, मान वर काढून पोहायची सवय लागते. ती सवय मोडायला कोचला महिने लागतात. पंप-जेट पाठीला मसाज म्हणून उत्तम; सरावाचं यंत्र म्हणून त्यावर एक रुपयाही घालू नये.

टर्बाइन घेतानाही विकत घेण्याआधी त्यात पोहून बघायलाच हवं. यंत्राच्या पट्टीवरचे १ ते १० आकडे वेग सांगत नाहीत. प्लास्टिकची बाटली पाण्याने अर्धी भरून प्रवाहाच्या मधोमध सोडा, काठावर ३ मीटरच्या दोन खुणा करा, स्टॉपवॉच लावा. तीन सेकंदांत गेली तर वेग १ मीटर. १०० मीटर १:२० मध्ये पोहणाऱ्याला २.४ सेकंदांत जायला हवी. मग तीच बाटली मध्यापासून अर्धा मीटर डावीकडे आणि उजवीकडे सोडून बघा. कडेला वेग निम्म्यावर आला तर त्या यंत्रात बटरफ्लाय विसरा. शेवटी मुलाला सलग वीस मिनिटं पोहायला लावा. यंत्र तापून वेग पडतो का, ते त्याशिवाय कळत नाही. यंत्राला थ्री-फेज जोडणी लागेल का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या, महावितरणचा वाढीव भार आधी मंजूर करून घ्या आणि व्होल्टेज वर-खाली होतं तिथे संरक्षक रिले बसवा. पाच हॉर्सपॉवरचं यंत्र तासाला चार युनिटच्या आसपास खातं. रोजचा सराव तासाभराचा असेल तर त्या मानाने रोज आठ तास चालणारा एक हॉर्सपॉवरचा फिल्टर पंपच जास्त बिल करतो.

या टाकीत वळणं आणि सुरुवातीची उडी शिकता येत नाही, हा तिचा खरा तोटा. नगरपालिकेचा किंवा क्लबचा २५ मीटरचा तलाव अर्ध्या तासावर असेल आणि आठवड्यातून दोनदा जाता येत असेल, तर हा तोटा भरून निघतो. अशा घरांना आमची पहिली पसंती हीच.

रबरी दोरीचा पर्याय स्वस्त आहे. कमरेला पट्टा, मागे भिंतीवर पाण्यापासून मीटरभर उंच आकडा, मध्ये लॅटेक्सची नळी. ताकदीच्या छोट्या सेटना ती चांगली. अर्धा तास सलग पोहायला मात्र नाही, कारण दोरी कंबर मागे-वर खेचते आणि शरीराची ठेवण बिघडते. उन्हाने आणि क्लोरीनने नळी कडक होते; बोटाने ताणून बारीक भेगा दिसल्या की त्याच दिवशी बदला, तुटलेली नळी चाबकासारखी बसते. १५ मीटरची लेन आणि ही दोरी, ही जोडी मधल्या वाटेची. १५ मीटरमध्ये साडेआठ मीटर खरं पोहणं मिळतं, चार-साडेचार स्ट्रोक सायकल, आणि पाणी ५२,५०० लिटर. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर ७०० मिमी पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के धरला तर ५६ हजार लिटर होतं. घरच्या छताच्या पावसावर भरणारी लेन म्हणून हिचं मोल आम्हाला मोठं वाटतं.

२५ मीटरची लेन शेतात, मेअखेर न आटणाऱ्या विहिरीजवळ, बांधावी. मग तिच्यासारखं काही नाही. पण मापात चूक नको. लांबी फरशी लावल्यानंतरची मोजायची; गवंडी काँक्रीटची मोजतो आणि दोन्ही भिंतींच्या फरशी-गिलाव्यात पाच-सहा सेंटिमीटर जातात. २५ मीटरला एक मिलिमीटरही कमी पडू नये, एक सेंटिमीटर जास्त चालेल. रुंदी अडीच मीटर, त्याखाली गेलात तर बटरफ्लायमध्ये भिंतींवरून परतणाऱ्या लाटा तोंडावर येतात. खोली सारखी १.४ मीटर. उडी मारायचा ठोकळा बसवायचा तर भिंतीपासून १ ते ६ मीटरपर्यंत किमान १.३५ मीटर पाणी हा स्पर्धांचा नियम आहे, आणि तो मानेच्या मणक्यांसाठी आहे. पातळी उन्हाळ्यात पाच सेंटिमीटर उतरली की उडी बंद, इतकं कडक राहावं. तळाला २० ते ३० सेंटिमीटर रुंद गडद पट्टी, ती भिंतीच्या २ मीटर आधी संपून आडवी १ मीटरची रेघ. बॅकस्ट्रोकची पताका भिंतीपासून ५ मीटरवर, पाण्यापासून १.८ मीटर उंच. वळायच्या भिंतीवर पाण्याखाली पाऊण मीटरपर्यंत दिवा, नोझल, शिडी काही नको, आणि तिथली फरशी खरखरीत हवी. चकचकीत फरशीवरून पाय सटकला की गुडघा जातो. भिंत ओळंब्यात आहे का, हे फरशीआधी स्वतः बघा. शिडी भिंतीत खोबणी करून आत घ्या.

काठोकाठ पाणी वाहून जाणारा ओव्हरफ्लो पूल लाटा छान जिरवतो, पण वाहून गेलेलं पाणी धरायला त्याला वेगळी बॅलन्सिंग टाकी लागते आणि पाणी जास्त उडतं. आपल्याकडे स्किमर, म्हणजे भिंतीतून वरचं पाणी ओढणारं तोंड, तोच बरा. लाटा कमी करायला दोन्ही बाजूंना लेनची दोरी ताणा.

काळ्या मातीबद्दल हयगय करू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि या ओढाताणीत भिंत तडकते. माती काढून मुरमापर्यंत खाली जायचं, बाजूंची भरणी मुरमाचीच, वीस सेंटिमीटरचे थर पाणी मारून ठोकत. निघालेली काळी माती परत ढकलायला ठेकेदार टपलेला असतो, त्या दिवशी जागेवर हजर राहा. भोवती किमान सव्वा मीटर फरसबंदी बाहेरच्या उताराची. आरसीसीचं काम आयएस ३३७० (पाण्याच्या टाक्यांसाठीचं भारतीय मानक) प्रमाणे, एम ३० काँक्रीट, तळ आणि भिंतीच्या सांध्यात वॉटरबार, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी. फायबरचा तयार सांगाडा पटकन बसतो, पण सप्टेंबरमध्ये भूजल वर आलेलं असताना तो रिकामा केला तर होडीसारखा वर येतो. तळात भूजलाचा दाब सोडणारा हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह असला तरी पावसाळ्यात पूल रिकामा करायचाच नाही.

फरशीआधी पूल सात दिवस भरून ठेवा. गळती आहे की बाष्पीभवन, हे ओळखायला बादली पुरते. पूलच्या पायरीवर किंवा स्टुलावर पाण्यात बादली ठेवा, आत-बाहेर पातळी सारखी करून खूण करा, पंप बंद ठेवा. चोवीस तासांनी बादलीत ८ मिमी आणि पूलमध्ये २० मिमी उतरलं असेल तर १२ मिमी गळतंय. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता या बादलीनंतरच द्या.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. भरण्याआधी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत कठीणपणा आणि लोह तपासून घ्या. लोह असेल तर क्लोरीन पडताच पाणी चहासारखं होतं. कॅल्शियमचा कठीणपणा २०० ते ४०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असावा. त्यावर गेलं की पाण्याच्या रेषेवर पांढरा थर बसतो आणि टर्बाइनच्या जाळीलाही क्षार चढतात. पावसाचं पाणी मिसळणं हाच स्वस्त उपाय. पीएच ७.२ ते ७.६, मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम. ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपो जड पाण्यात आणखी कॅल्शियम टाकतं, तर टीसीसीए (ट्रायक्लोर) या क्लोरीनच्या गोळ्यांमुळे सायन्युरिक आम्ल साचत जातं. ते ३० ते ५० पीपीएमपर्यंत उपयोगी, पुढे क्लोरीनला निकामी करतं, आणि कमी करायला पाणी बदलण्यावाचून इलाज नाही. टंचाईच्या मुलखात तो परवडत नाही. म्हणून द्रव सोडियम हायपो, पंधरा दिवस पुरेल एवढाच, सावलीत ठेवलेला. मिठाचं क्लोरिनेटर आम्ही सुचवत नाही: त्याचं ३-४ हजार पीपीएम मिठाचं पाणी बॅकवॉशमधून, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुताना, काळ्या रानात गेलं की जमीन खराब होते. वाळूच्या फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा अर्धा बार वाढला की मगच बॅकवॉश करा, रोज नव्हे; दर वेळी पाचशे लिटरच्या आसपास पाणी जातं. लहान टाकीला कार्ट्रिज फिल्टर जास्त शहाणपणाचा.

शेततळ्यात सराव करू देण्याबद्दल विचारणा होते. नको. प्लास्टिक अस्तराचा उतार ओला झाला की चढता येत नाही, पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. शेततळं साठवणीला वापरा, पोहायला नाही. आणि घरच्या पूललाही १.२ मीटर उंच, आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचं कुंपण, तळात एकाऐवजी दोन ड्रेन आणि त्यांवर केस किंवा हात न अडकणारी झाकणं हवीत. मूल कितीही चांगलं पोहत असलं तरी काठावर एक मोठं माणूस, मोबाईल बाजूला ठेवून.