बाजीराव-मस्तानीवरची आणखी एक कादंबरी: काशीबाईसाठी वाचा

या कादंबरीतली काशीबाई मला मनापासून आवडली. बाजीराव-मस्तानीवर लिहिणारे बहुतेक जण तिला एक तर रडत ठेवतात, नाही तर कोपऱ्यात बसवतात. इथली काशीबाई घर सांभाळते, सासूबाई राधाबाईंचा शब्द झेलते आणि नवऱ्याला तोंडावर सुनावतेही. एके ठिकाणी मुदपाकखान्याचा हिशेब तपासता तपासता ती दासीला सहज विचारते, की तिकडे समशेरला, मस्तानीच्या मुलाला, दूध वेळेवर जातं ना. पुढे एक शब्द नाही. तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

मस्तानीच्या वाट्याला मात्र दागिने आणि वाट पाहणंच आलंय. बुंदेला राजा छत्रसालांची ही मुलगी, बुंदेलखंडात वाढलेली. 1729 मध्ये मोगल सरदार बंगशाने घेरलेल्या म्हाताऱ्या छत्रसालांच्या मदतीला बाजीराव धावून गेले, तो सगळा थरार दीड पानात उरकलाय आणि पहिल्या भेटीतल्या चंद्रहाराला चार पानं दिलीत. बाजीरावांचं निम्मं आयुष्य घोड्यावर गेलं. 1728 ला पालखेडची लढाई, 1737 ला थेट दिल्ली. अशा माणसावर प्रेम करायचं म्हणजे मोहिमांच्या मधल्या चार दिवसांत जगायचं. इथे मस्तानीने मान वर केली की पेशवे शनिवारवाड्याच्या सज्जात उभेच!

आणि मल्हारराव होळकर? ते येतात, आरडाओरडा करतात, हशा पिकवतात आणि जातात. ज्याच्यावर पेशव्यांनी माळवा सोपवला, तो हा माणूस? आम्हा इंदूरकरांना हे झोंबणारच.

शेवट तर फारच खटकला. धो धो पाऊस, विजा, नर्मदेचा पूर आणि मस्तानीचं नाव घेत बाजीराव प्राण सोडतात. अहो, तो दिवस 28 एप्रिल 1740, ऐन वैशाख! आम्ही बडवाह, सनावद, बेडियावरून रावेरखेडीला गेलो होतो तेही उन्हाळ्यातच. तिथल्या बाजीरावांच्या समाधीच्या आवारातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. निजामाच्या मुलाशी, नासिरजंगाशी, तह होऊन हंडिया आणि खरगोण पदरात पडलं, म्हणून बाजीराव त्या मुलखात होते. छावणीत ताप आला आणि चाळिशीही न गाठलेला माणूस गेला. तिकडे पुण्यात मस्तानी कैदेत. एवढं सगळं खरं हाताशी असताना पाऊस कशाला पाडायचा?

छपाई स्वच्छ आहे, टाइप मोठा आहे, भाषा ओघवती आहे. चारशे पानं दोन सुट्ट्यांत होतात. वाचनालयात मिळाली तर जरूर आणा, विकत घ्या असं मी म्हणणार नाही. पण मस्तानीमागे सहा वर्षांच्या समशेरला काशीबाईने जवळ केलं, पुढे तो पानिपतावर लढला आणि त्या जखमांनी गेला, हे लेखिकेने शेवटच्या परिच्छेदात दोन ओळींत आटोपलंय. त्या दोन ओळींची तिने कादंबरी केली, तर ती मात्र मी पैसे मोजून घेईन.