फुकट मिळणाऱ्या वकिलासाठी मी 27,500 रुपये दिले

आकडा आधीच सांगून टाकते. 500 फॉर्मचे, 2,500 उत्पन्नाच्या दाखल्याचे, 6,000 'फाइल लावायचे' आणि 18,500 जामिनाचे. एकूण 27,500. पहिल्या तिन्हींसाठी मला एक रुपयाही द्यायचा नव्हता आणि चौथी रक्कम कोर्टापर्यंत पोचलीच नाही. घरात अजून आईला पूर्ण आकडा माहीत नाही. इथे लिहिते आहे, कारण हे पैसे घेणारा दलाल अजून मोकळा फिरतो आहे.

माझा धाकटा भाऊ नागपुरात कळमन्याला हमाली करतो. फेब्रुवारीत एका चोरीच्या गुन्ह्यात त्याला उचललं. दोन दिवस पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, मग वर्धा रोडचं सेंट्रल जेल. एमसीआर झाला त्या दिवशी सिव्हिल लाईन्सच्या कोर्टाबाहेर मी रडत उभी होते, तेव्हा तो आला. पांढरा शर्ट, काळं फोल्डर, गळ्यात कसलंसं कार्ड. "ताई, काऊन टेन्शन घेऊन राहिल्या? मी लीगल एडचाच माणूस आहो. वकील फ्री भेटते, फक्त कागदं कराव लागते." अशा वेळी कोणी 'ताई' म्हटलं की माणूस विश्वास ठेवतो. तुम्हीही ठेवला असता.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं तसंच झालं. आधी लहान रक्कम, पावती, मग मोठी. 6,000 मी स्कॅनरवर टाकले तेव्हा मोबाइलवर कुठल्यातरी मोबाइलच्या दुकानाचं नाव आलं. मी विचारलं. "ऑफिसचं खातं बंद आहे आज," म्हणाला. मी पिन टाकला.

पण खरी चूक ती नाही. खरी चूक जेलच्या मुलाकतीत झाली आणि ती आठवली की अजून रात्री झोप लागत नाही.

काचेपलीकडून भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, मले वकील भेटला. कोर्टानं विचारलं होतं, मी हो म्हणलं. एक मॅडम येऊन गेल्या, वकालतनाम्यावर सही पाहिजे म्हणे." म्हणजे पहिल्या दिवशीच मॅजिस्ट्रेट साहेबांनी त्याला विचारलं होतं, वकील दिलाही होता. मी तेव्हा कोर्टरूमच्या दाराबाहेर होते, पोलीस आत जाऊ देत नव्हते. भाऊ अगदी खरं, अगदी सरळ सांगत होता. आणि मी काय केलं? फोल्डरवाल्याने आदल्याच दिवशी माझ्या डोक्यात भरवलं होतं: "जेलमधी सरकारी वकील येईन. सही करू देऊ नका. सरकारी वकील म्हणजे सरकारचा माणूस, तुमच्या भावाले आत ठेवाले उभा राहते तो." सरकारी वकील आरोपीच्या विरोधात असतो हे तर मलाही माहीत होतं, म्हणून ते पटलं. मी काचेला हात लावून भावाला म्हटलं, "कशावरच सही करू नको." त्याने मान हलवली. त्या मॅडम नंतर दोनदा आल्या, दोन्ही वेळा त्याने नाही म्हटलं. माझ्या शब्दावर.

म्हणून हे नीट वाचा. आपल्याकडे लोक दोघांनाही 'सरकारी वकील'च म्हणतात, आणि हे दलाल त्यावरच जगतात. आरोपीच्या विरोधात उभा राहतो तो सरकारी अभियोक्ता. फुकट कायदेशीर मदत देणारं विधी सेवा प्राधिकरण देतं तो वकील आपला. जिल्हा कोर्टात फौजदारी केसेससाठी लोक अभिरक्षक, म्हणजे आरोपीच्या बाजूने लढणारे प्राधिकरणाचे वकील असतात. पगार त्यांना प्राधिकरणाकडून मिळतो आणि खाजगी केसेस ते घेऊ शकत नाहीत. त्यांच्या नावाने कोणी तुमच्याकडे पैसे मागितले, तर तिथेच मागे फिरा.

आणि तो उत्पन्नाचा दाखला! 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 मध्ये साफ लिहिलंय: कोठडीत असलेला माणूस, बाई, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, यांना उत्पन्नाची अट नाहीच. भाऊ जेलमध्ये होता, एवढंच पुरे होतं. 2,500 रुपये देऊन मी जो दाखला काढत होते, तो कोणी मागितलेलाच नव्हता. हे मला कोण सांगणार होतं? मी बारावी शिकलेली आहे, फॉल-पिकोचं दुकान चालवते, हिशोबात एक रुपया चुकत नाही माझा. कायद्याची कलमं पाठ नाहीत, हा माझा गुन्हा का?

18,500 भिशीचे होते. "उद्या भाऊ घरी," म्हणाला. पैसे रोख घेतले, त्यानंतर फोन बंद. जामिनाची रक्कम भरायचीच असेल तर ती कोर्टात भरतात आणि कोर्टाचीच पावती मिळते. रस्त्यावर कोणाच्या हातात देत नाहीत. त्याच्या पावतीवर लाल शिक्का होता, 'विधि साहय्यता'. 'साहाय्य' सुद्धा नीट लिहिलेलं नव्हतं. मी ती पावती देव्हाऱ्यात ठेवली होती.

शेवटी 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन केला. तिथून जिल्हा प्राधिकरणाचा पत्ता कळला. त्याच मॅडम भेटल्या, चिडल्या नाहीत. सही झाली, अर्ज लागला, जामीन झाला. भाऊ एकूण 31 दिवस आत होता. त्यातले 19 दिवस माझ्यामुळे.

आता तक्रारीचं ऐका. पहिल्या ठाण्यात सांगितलं, कोर्टाचा परिसर आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात, तुम्ही राहता तिकडे जा. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे, 1 जुलै 2024 पासून लागू आहे. मी तो कागद छापून नेला. साहेबांनी न वाचताच परत केला. "बाई, पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं दिले ना? मग फसवणूक कशी?" स्वतःच्या हातानेच तर देतात, फसवणूक म्हणतात ती त्यालाच! न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 मग कशासाठी आहे? अर्जाची पोच मागितली तर "उद्या या". तीन वेळा गेले, तीन दिवस दुकान बंद. वकिलांच्या संघटनेत गेले, तर म्हणाले तो वकीलच नाही, आमचा काय संबंध. म्हणजे वकील असता तर कारवाई झाली असती, खोटा निघाला म्हणून तो सुटला. शेवटी कलम 173(4) खाली पोलीस आयुक्तांना लेखी तक्रार स्पीड पोस्टाने पाठवली. पावती जपून ठेवली आहे. ही खरी आहे.

कसाबच्या 2012 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की आरोपीला पहिल्यांदा समोर आणलं की मॅजिस्ट्रेटने त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगायचा. भावाला सांगितला गेलाच की. पण घरच्यांना कोण सांगतं? पैसे बाहेर उभा असलेला माणूस देतो, आतला नाही. कोर्टरूमच्या दाराशी मोठ्या अक्षरात एक पाटी का नसावी, की वकील फुकट आहे, कोणाला पैसे देऊ नका?

स्कॅनरवरचं नाव, पावतीचा फोटो, फोन नंबर, सगळं माझ्याकडे आहे. या वर्षात सिव्हिल लाईन्सला काळ्या फोल्डरवाल्या माणसाला कोणी फॉर्मचे 500 दिले असतील, तर लाजू नका, मला कळवा. एकटीला उद्या या म्हणतात. चार जण सोबत गेलो तर निदान पोच तरी द्यावी लागेल.