‘२००९ चा माल’ म्हणून माझ्या गळ्यात मारलेल्या बारा डब्या

३६,७५० रुपये गेले. आकडा आधीच सांगतो, कारण घरात तो सांगायला मला आठ महिने लागले. पाईपच्या तंबाखूच्या बारा डब्या, प्रत्येकी ५० ग्रॅम, डबीमागे २,७५० म्हणजे ३३,०००. पॅकिंग आणि कुरिअरचे १,४५०. शेवटी ‘वाटेतला विमा’ म्हणून आणखी २,३००. तीन वेळा यूपीआय केलं आणि तिन्ही वेळा पिन मीच टाकला. हे शेवटचं वाक्य बँकेने मला इतक्यांदा ऐकवलंय की पाठ झालंय.

मी ३१ वर्षं बोटीवर इंजिनिअर होतो. पाईप तिथेच लागला. आता रत्नागिरीत दिवसाला एकच ओढतो, संध्याकाळी, मागच्या पडवीत. माझा आवडता चेरीच्या वासाचा डॅनिश तंबाखू मिळेनासा झाला होता. २०१८ पासून पाईपवाल्यांचे हेच हाल आहेत. त्या वर्षी कॅन्सस सिटीची मॅक्लेलँड ही पाईपच्या तंबाखूची कंपनी बंद पडली, डनहिलच्या नावाचा पाईपचा तंबाखूही थांबला आणि जुन्या सीलबंद डब्यांना सोन्याचा भाव आला. अशा वेळी कुणी ‘जुना साठा काढतोय’ म्हटलं तर माणूस धावणारच. मी धावलो ते हावरेपणाने नाही. पुढची दहा वर्षं पुरेल एवढा ठेवून द्यावा, एवढंच डोक्यात होतं.

विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट नेहमीचीच. वारलेला कॅप्टन, पुण्यातला बंद फ्लॅट, सामान काढायला बसलेला भाचा. २००९ साली रॉटरडॅमला बोटीच्या बाँडमधून, म्हणजे बोटीवरच्या करमुक्त मालाच्या कोठीतून घेतलेला माल, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, टोकन आज टाका. मी १०,००० टाकले.

आणि मग त्याने फोटो पाठवला. इथे मी थांबायला हवं होतं. त्या फोटोपाशी माझं मन आजही दर रात्री परत जातं.

डबीवर आपल्याकडचं इशाऱ्याचं चित्र होतं. अर्ध्याहून जास्त झाकण व्यापणारं, खाली १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मदतीचा नंबर. मी ते पाहिलं. नीट पाहिलं. ८५ टक्के जागा व्यापणारं चित्र आपल्याकडे एप्रिल २०१६ पासून सक्तीचं झालं आणि तो नंबर सप्टेंबर २०१८ पासून छापायला लागले. २००९ च्या डबीवर तो येणार कुठून? बरं, बोटीच्या बाँडमधल्या मालावर हिंदुस्थानातलं चित्र कशाला असेल? ३१ वर्षं मीच तो माल घेत आलो, माझ्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार! मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, “सर, मामांनी उतरवताना कस्टमवाल्यांनी स्टिकर लावले.” मी ‘बरं’ म्हणालो आणि उरलेले २४,४५० पाठवले. विमा दुसऱ्या दिवशी.

का म्हणालो ‘बरं’? कारण त्याला बोटीवरची भाषा येत होती. वॉच, बाँड, साइन ऑफ, सगळे शब्द जागच्या जागी. आपल्यातला माणूस वाटला. तुमच्या धंद्यातले शब्द जो फार सफाईने बोलतो, त्याची दुप्पट चौकशी करा.

दुसरी खूण तर मालातच होती. जुना झाल्याने मुरतो तो व्हर्जिनिया जातीचा तंबाखू. त्याच्यात स्वतःची साखर असते, बंद डबीत वर्षानुवर्षं ती चव बदलत राहते. अ‍ॅरोमॅटिक म्हणजे वासाच्या तंबाखूचं तसं नाही. चेरी, व्हॅनिला, रम हे वरून दिलेले वास. चांगलं साठवलं तर ते टिकतात, पण वाढत नाहीत. ‘पंधरा वर्षं मुरलेली चेरी’ म्हणून जास्त पैसे मागणारा एक तर अडाणी असतो, नाही तर चोर.

पण त्याचा खरा डाव पुढे होता. माल आला त्या दिवशी त्याचा फोन आला, “सर, उघडू नका हं, उघडलं की वास उडाला. अंधारात, थंड जागी ठेवा, पाच वर्षांनी माझी आठवण काढाल.” सल्ला शंभर टक्के बरोबर, म्हणूनच मी मानला. साठवायच्या वस्तूत फसवणारा यावरच जगतो. माल तपासायचाच नाही, हे गिऱ्हाईक स्वतःच ठरवून बसलेलं असतं. बारा घेतल्यात ना, मग एक त्याच दिवशी फोडा. एका डबीचा वास गेला तर जाऊ दे. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा. काटा असेल तर वजन करा.

नोव्हेंबरात कपाटात ठेवलेल्या डब्या मी जुलैत काढल्या, त्याही एका डबीच्या बुडातून चिकट पाणी गळून फळीवर डाग पडला म्हणून. नाणं कडेला घालून झाकण फिरवलं. खऱ्या डबीत हवा ओढलेली असते, उघडताना ‘फुस्स’ होतं. इथे काहीच नाही. आत विडीच्या तंबाखूसारखा चुरा, सरबताच्या इसेन्सचा वास आणि वर पांढरी लव. बाराही डब्या तशाच.

फोटो पाठवला तर म्हणतो, “ती साखर आहे सर, मुरल्याची खूण.” साखरेचे कण चमकतात. केसाळ, मऊ दिसते ती बुरशी. आणि खऱ्या अ‍ॅरोमॅटिकमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल हे ओलावा टिकवणारं द्रव्य असतं, त्या तंबाखूला सहसा बुरशी धरत नाही. धरते ती गूळपाणी मारलेल्या चुऱ्याला. मी संतापून त्याला चित्राचं, नंबराचं, वर्षांचं सगळं लिहून पाठवलं. त्याने मला ब्लॉक केलं.

मग कचेऱ्यांच्या फेऱ्या. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तो तातडीसाठीचा नंबर आहे, पैसे गेल्या गेल्या केला तर ते पुढच्या खात्यात अडवता येतात. आठ महिन्यांनी काय अडवणार? सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, क्रमांक मिळाला, पुढे सामसूम. पोलीस ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदार म्हणाले, “काका, माल आला ना घरी? मग दिवाणी बाब आहे.” मी म्हणालो, साहेब, दगड भरून पाठवले असते तरी मालच आला म्हणाला असतात का? ४२० होतं ते आता न्याय संहितेत ३१८ झालंय, एवढं वाचून गेलो होतो. ते म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, आधी ठाण्यातून पत्र आणा. पत्रासाठी चार फेऱ्या झाल्या. एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा प्रिंटर बंद. एका पोराने तर माझ्यासमोर शेजारच्याला सांगितलं, “तंबाखूचे गेलेत यांचे.” तंबाखूचे गेले म्हणजे ते पैसे नव्हेत? माझी पेन्शन नव्हे?

बँकेचं म्हणणं, ग्राहकाने स्वतः केलेला व्यवहार. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं संरक्षण परवानगीशिवाय गेलेल्या पैशाला आहे, फसून दिलेल्या परवानगीला नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सांगितलं, घरचं सामान विकणारी खासगी व्यक्ती ‘व्यापारी’ ठरत नाही. म्हणजे ‘मामांचा फ्लॅट’ ही थापच त्याला कायद्यातूनही सोडवते! दुकानदाराचं पक्कं बिल नसेल तर घेऊ नका. डबीवर आयातदाराचं नाव-पत्ता नसेल तर घेऊ नका.

आणि ठेवायचाच असेल तर स्वतः ताजा घेतलेला ठेवा. रबर लावलेल्या काचेच्या बरण्या, उकळून कडकडीत वाळवलेल्या, गच्च भरून. चेरी आणि साधा व्हर्जिनिया एका बरणीत कधी नाही, वास चढतो. ओलसर राहावा म्हणून सफरचंदाची साल टाकू नका, बुरशीला आमंत्रण आहे. कोकणात पत्र्याची डबी पावसाळ्यात भिंतीला टेकवू नका, गंजते. बरणीवर तारीख स्वतःच्या हाताने लिहा.

त्या बाराही डब्या पुरावा म्हणून पिशवीत बांधून ठेवल्यात. अजून कुणी मागितलेल्या नाहीत.

परवा एका जुन्या बोटीवरच्या मित्राने मला फोटो पाठवून विचारलं, “घेऊ का रे?” तेच झाकण, तोच कोपऱ्यातला पोचा. आता साल २००७, भाव ३,२००. फक्त फोटो खालून कापलेला, नंबर जिथे होता बरोबर तिथून.