रुगर एलसीपी मॅक्स: गेल्या दिवाळीपासून खिशात

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. बाळगायला रुगर कंपनीच्या या एलसीपी मॅक्सइतकं सोयीचं पिस्तूल मी पाहिलेलं नाही. आणि याच्यावरच नेमबाजी शिकायला निघालात तर महिन्याभरात कंटाळून ते कपाटात टाकाल. दोन्हींचं कारण एकच आहे, वजन.

टेक्सासात, ह्यूस्टनच्या पश्चिमेला आमचं छोटं औषधांचं दुकान आहे. रात्री कुलूप लावून रोकड घेऊन गाडीपर्यंत जायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं. औषधांच्या दुकानावर कुणाची नजर असते ती गल्ल्यासाठी कमी आणि आतल्या वेदनाशामक गोळ्यांसाठी जास्त, हे या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. नवरा बरीच वर्षं नेमबाजीच्या रेंजवर जातो, पण त्याचं पिस्तूल कमरेच्या जाड पट्ट्याला लावायचं. मी अर्धा आठवडा कुर्त्यात असते.

इथल्या पिस्तुलांच्या दुकानात बाई शिरली की काउंटरमागचा माणूस काही न विचारता सगळ्यात छोटं पिस्तूल पुढे सरकवतो, जमल्यास जांभळ्या मुठीचं. छोटा हात, म्हणून छोटं पिस्तूल, असा त्यांचा हिशेब. तो साफ उलटा आहे. काडतूस तेच असेल तर पिस्तूल जितकं हलकं तितका धक्का हातात जास्त येतो. त्यात नळी आखूड, म्हणून पुढच्या आणि मागच्या साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या दोन खुणांमधलं, अंतर कमी, म्हणून नेम केसभर हलला तरी गोळी भलतीकडे. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारात पिस्तुलाला १४०० ग्रॅमपर्यंत वजनाची मुभा असते, आणि काडतूस .२२ चं, म्हणजे अगदी सौम्य. माझं पिस्तूल रिकामं असताना जेमतेम ३०० ग्रॅम भरतं आणि काडतूस त्याहून कितीतरी दांडगं. जगातल्या उत्तम नेमबाजांना जे वजन मदतीला लागतं, ते नवशिक्या बाईच्या हातातून काढून घ्यायचं, ही कुठली रीत?

तरीही मी हेच घेतलं. का, ते सांगते.

बहुतेक रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. विकत घेण्याआधी ती सोय वापराच. मी चार आलटून पालटून चालवली. स्मिथ अँड वेसनचं ६४२ रिव्हॉल्व्हर, पाच गोळ्यांचं. त्याचा घोडा, म्हणजे बार उडवणारा मागचा हातोडा, आत झाकलेला असतो, त्यामुळे खिशातून काढताना कापडात अडकत नाही आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, ओढायची भानगडही नाही. पण चाप लांब आणि जड. तो मागे येईपर्यंत माझी पुढची साइट निशाणावर गोल गोल फिरून यायची. ग्लॉक ४२ चालवायला फार गोड, पण मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या डब्यात, सहाच गोळ्या. सिग पी ३६५ आलं २०१८ मध्ये, आणि त्याने या छोट्या पिस्तुलांचा बाजारच बदलला: एवढ्याशा मुठीत ९ मिमीच्या दहा गोळ्या. चौघांत माझा नेम सगळ्यात चांगला लागला तो याच्यावर. पट्टा लावणाऱ्यांनी पुढचं न वाचता तेच घ्यावं. कुर्त्याच्या खिशात मात्र ते अर्ध्या किलोचं धूड एका बाजूला लोंबतं आणि गळाही त्याच बाजूला ओढला जातो.

एलसीपी हे नाव २००८ पासूनचं. मॅक्स २०२१ मध्ये आलं. जुन्यात सहा गोळ्या बसायच्या, याच्यात दहा. मॅगझिनमध्ये गोळ्या एकावर एक सरळ न रचता जरा आडव्यातिडव्या, दीड ओळीत रचल्यात. त्यामुळे मुठीची जाडी थोडीच वाढली आणि ती वाढ हाताला बरीच वाटते. काडतूस .३८० चं, जॉन ब्राउनिंग यांचं १९०८ सालचं. गोळीची जाडी ९ मिमीच्या काडतुसाइतकीच, पण मागची दारू भरलेली पुंगळी १९ ऐवजी १७ मिमी लांब, म्हणून ताकद कमी. ही तडजोड आहे आणि ती डोळे उघडे ठेवून करायची आहे.

आता प्रत्यक्ष चालवण्याबद्दल. करंगळीला मुठीवर जागा मिळत नाही. सोबत मॅगझिनच्या बुडाला लावायचा एक छोटा ओठ येतो. तो लावला की करंगळी टेकते आणि फरक लगेच कळतो; खिशात त्याने काही अडत नाही. स्लाइड ओढायला वाटतं तितकी जड नाही, पण चिमटीत धरून ओढू नका. डावा तळवा स्लाइडवर घट्ट आवळायचा आणि उजव्या हाताने मूठच पुढे ढकलायची. मनगट सैल सोडलं तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या दारातच उभी अडकते. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना रेंजवर नेलं की हमखास हेच होतं आणि दोष पिस्तुलाला मिळतो. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धक्का बसतो तो खरोखर झोंबतो. एक खोकं संपलं की मी थांबते. त्यानंतर हात बार व्हायच्या आधीच दचकायला लागतो, आणि दचकण्याचा सराव करण्यात काही अर्थ नाही.

म्हणून सरावाचा मोठा भाग मी याच घराण्यातल्या .२२ च्या एलसीपी २ वर करते. आकार जवळपास तोच, धक्का नावापुरता आणि गोळ्या स्वस्त. .३८० च्या गोळ्या ९ मिमीपेक्षाही महाग पडतात, हे घेण्याआधी लक्षात घ्या. शेवटी थोड्या गोळ्या खऱ्या पिस्तुलातून. या पद्धतीने तीन आणि सात यार्डांवर माझा गट, म्हणजे निशाणावरच्या भोकांचा घोळका, तळहाताएवढा येतो. पंधरा यार्डांवर तो ताटाएवढा होतो. त्यात पिस्तुलाचा वाटा किती आणि माझा किती, हे नवऱ्याला विचारू नका. पुढच्या साइटमध्ये ट्रिटियम, म्हणजे स्वतःहून चमकणारा पदार्थ, आहे; अंधारात तो ठिपका स्वच्छ दिसतो. जुन्या एलसीपीच्या साइट्स म्हणजे स्लाइडवरचे नुसते उंचवटे होते, त्या मानाने ही चैनच.

हीच अंतरं का, तर टेक्सासच्या परवान्याची चाचणी तशी असते: ५० गोळ्या, तीन यार्डांवर २०, सातवर २० आणि पंधरावर १०, २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. खरं तर १ सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. तरी काढा. केंद्राच्या कायद्याने शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक नेता येत नाही आणि राज्याचा परवाना असलेल्यांना त्यातून सूट आहे. आमच्या भागात हजार फुटांत शाळा नाही असा रस्ता शोधावा लागेल. शाळेच्या इमारतीत मात्र परवान्यानेही नाही. आमची रविवारची मराठी शाळा भाड्याच्या शाळेतच भरते, तेव्हा त्या दिवशी पिस्तूल घरी. दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये ३०.०६ ची पाटी, म्हणजे परवानाधारकांनाही लपवलेलं पिस्तूल आत आणायला मनाई करणारी, असेल तिथेही नाही, टपाल कार्यालयातही नाही. आणि एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून बंदूक बाळगणंच गुन्हा आहे. मित्राचं ऐकून दुकानात जाऊ नका, आधी वकिलाला विचारा.

खिशाचं प्रकरण थोडं सविस्तर सांगते, कारण या पिस्तुलाचा सगळा संसार तिथेच आहे. कुर्ते मी पुण्याहून शिवून आणते. उजवा खिसा नेहमीपेक्षा चार बोटं खोल, तोंड रुंद आणि अस्तर जाड मांजरपाटाचं, असं शिंप्याला सांगितलंय. त्याला वाटतं मोबाइल मोठा असेल. खिशात होल्स्टर हवंच, चाप पूर्ण झाकणारं, आणि त्या खिशात दुसरं काही म्हणजे काहीही नाही. किल्ली नाही, लिपस्टिक नाही, पावती नाही. ऑनलाइन घेतलेलं एक स्वस्त होल्स्टर पिस्तूल उपसलं की त्यासोबतच बाहेर यायचं, ते फेकलं. आता वापरते त्याचा बाहेरचा भाग खरखरीत आहे आणि बाजूला एक नाक आहे, ते कापडात अडकतं आणि पिस्तूल एकटंच निघतं. हे घरी रिकाम्या पिस्तुलाने, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, तपासायचं.

पर्समध्ये का नाही, असं मैत्रिणी विचारतात. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, दुसऱ्याच्या हातात देतो, मुलं त्यात च्युइंगगम शोधतात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यातल्या बहुतेक भरलेल्या होत्या. ‘बॅगेत आहे हे विसरलो’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर.

खिशात कापसाचा बारीक कचरा भयंकर साचतो. दर रविवारी नळीच्या तोंडाशी, मागच्या साइटच्या खाचेत आणि मॅगझिनच्या वरच्या गोळीभोवती करड्या लोकरीसारखा थर असतो. जुना टूथब्रश पुरतो. पूर्ण उघडायचं तर एक छोटी पिन उचकटून काढावी लागते. ती टेबलावर नाही, वाटीत ठेवा, कारण ती सतरंजीच्याच रंगाची असते. पोकळ टोकाच्या गोळ्यांपैकी एका कंपनीच्या याला मानवल्या नाहीत, अधूनमधून नळीच्या तोंडाशी अडकायच्या. दुसऱ्या कंपनीच्या बिनतक्रार चालतात. ज्या गोळ्या बाळगणार त्याच आधी पुरेशा चालवून बघा.

घरी आल्यावर पिस्तूल बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पेटीत जातं, भरलेलंच. घरात लहान मूल असेल तर टेक्सासमध्ये ही नुसती काळजी नाही. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं गुन्हा आहे. रोज रात्री गोळी काढून सकाळी तीच परत नळीत भरणारे लोक मी पाहिलेत. असं वारंवार केलं की गोळीचं टोक हळूहळू पुंगळीत आत दबतं आणि बार होताना आतला दाब वाढतो. नळीतून काढलेली गोळी नव्या गोळीशेजारी उभी करून उंची बघा. आखूड दिसली की ती वापरायची नाही. आमची रेंज अशा गोळ्या जमा करून घेते.